कमरेचा काच अंगावर काढू नका

दिवसभर काम करून संध्याकाळी परकराचा नाडा सोडला की कमरेभोवती एक खोल वळ दिसतो. पुरुषांच्या कमरेवर पट्ट्याचा असाच वळ उमटलेला असतो. हात फिरवला की बरे वाटते, थोडी खाज येते आणि माणूस विसरून जातो. अर्ध्या-एक तासात हा वळ नाहीसा होत असेल तर काळजीचे कारण नाही. सकाळपर्यंत तो तसाच राहत असेल, त्या जागची कातडी काळी, जाड किंवा पांढरी पडू लागली असेल, तर मात्र कपड्याचे माप आणि बांधण्याची पद्धत बदलायलाच हवी. वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले, तर त्याच जागी न भरणारी जखम होऊ शकते आणि क्वचित त्या जखमेत कर्करोगही उद्भवतो.

हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. तंबाखूने कर्करोग होतो हे आता खेड्यापाड्यात ठाऊक आहे. नाड्याने होऊ शकतो, हे फारसे कोणी ऐकलेले नसते. वैद्यकशास्त्राला मात्र ही गोष्ट नवी नाही.

खानोलकरांपासून वर्ध्यापर्यंत

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी आपल्या सहकाऱ्यासह १९४५ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. भारतातील लोकांच्या रोजच्या सवयी आणि कर्करोग यांचा संबंध हा त्याचा विषय होता. त्यात त्यांनी ‘धोतराचा कर्करोग’ नोंदवला. धोतर कमरेला एकाच जागी घट्ट खोचण्याच्या सवयीमुळे तेथील कातडी घासत राहते, तिला जखमा होतात आणि पुढे तिथेच गाठ येते, असे त्यांचे निरीक्षण होते. पुढे साडी नेसणाऱ्या स्त्रियांमध्येही तसेच रुग्ण आढळले आणि त्याला ‘साडीचा कर्करोग’ म्हटले जाऊ लागले.

नोव्हेंबर २०२४ मध्ये हा विषय पुन्हा चर्चेत आला. वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील आणि बिहारमधील मधुबनीच्या डॉक्टरांनी दोन वयस्क महिलांची माहिती ब्रिटनमधील एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. पहिल्या महिलेच्या उजव्या कुशीवर दीड वर्ष न भरलेली जखम होती. ती साडीखाली परकर कमरेला आवळून बांधत असे. दुसऱ्या महिलेची जखम दोन वर्षांची होती. ती चाळीस वर्षे रोज लुगडे नेसत होती, तेही आत परकर न घालता, थेट कातडीवर घट्ट बांधून. दोघींच्याही जखमेत त्वचेचा कर्करोग निघाला आणि दुसरीच्या जांघेतील गाठीपर्यंत तो पोहोचला होता.

या डॉक्टरांचा मुद्दा असा की, दोष साडीचा नाही, कमरेला आवळणाऱ्या दोरीचा आहे. म्हणून त्यांनी ‘परकराचा कर्करोग’ हे नाव अधिक योग्य मानले. साडी, धोतर, सलवार, पायजमा, लेंगा यांपैकी काहीही असो, अरुंद दोरी रोज एकाच जागी काचत असेल तर धोका तोच.

हे रुग्ण दुर्मीळ आहेत, हेही लक्षात ठेवावे. कोट्यवधी स्त्रिया आयुष्यभर साडी नेसतात आणि त्यांना असे काही होत नाही. म्हणून घाबरून साडी सोडण्याची गरज नाही. मात्र काळी पडलेली, सोलवटलेली, खाजणारी कमर मुळीच दुर्मीळ नाही. वेळीच थांबवायचे ते इथेच.

कातडीवर काय घडते?

यामागचे गणित सोपे आहे. अर्धा सेंटीमीटर रुंदीचा नाडा आणि चार सेंटीमीटर रुंदीची पट्टी सारख्याच जोराने आवळली, तर नाड्याखालच्या कातडीवर पट्टीच्या तुलनेत आठपट दाब येतो. बैलाच्या मानेला बारीक दोरी काचते आणि रुंद पट्टा काचत नाही, हे शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. कमरेच्या बाबतीत मात्र तो नियम आपण विसरतो.

दाबाच्या जोडीला घर्षण असते. वाकताना, उठताना, बसताना नाडा कातडीवर थोडा थोडा सरकतो. घामाने कातडी भिजून मऊ झालेली असते आणि मऊ कातडी लवकर सोलवटते. शरीर आपल्या परीने बचाव करते. कातडी जाड होते, काळी पडते, तिला कोंड्यासारखे पापुद्रे सुटतात. काहींच्या कातडीतील रंग तयार करणाऱ्या पेशीच नष्ट होतात आणि काळ्या पट्ट्यावर पांढरे ठिपके उमटतात. पुढे कातडी पातळ होऊन तिला चिरा पडतात. जखम होते, खपली धरते, नाड्याने पुन्हा निघते.

एकाच जागी जखम होणे आणि भरणे हे चक्र अनेक वर्षे चालले की तेथील पेशींना सतत विभागत राहावे लागते. त्यातील एखादी पेशी नियंत्रणाबाहेर जाऊन बेसुमार वाढू लागण्याचा धोका असतो. जुनाट जखमेत किंवा भाजल्याच्या व्रणात होणाऱ्या अशा कर्करोगाला ‘मार्जोलिन व्रण’ म्हणतात. फ्रेंच शल्यचिकित्सक मार्जोलिन यांनी १८२८ मध्ये अशा व्रणांचे वर्णन केले होते. काश्मीरमध्ये थंडीत फेरणाखाली निखाऱ्यांची कांगडी घेऊन बसणाऱ्या लोकांच्या पोटावर आणि मांड्यांवर होणारा कर्करोगही याच घराण्यातला. तिथे उष्णता कारणीभूत ठरते, इथे घर्षण.

खानदेशात काळजी जास्त का?

जळगाव, भुसावळ, धुळे या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. अंगावरचा कपडा दिवसातून कितीदा तरी भिजतो आणि वाळतो. घामातले मीठ नाड्यात साचून तो खरखरीत होतो. शेतात जाणाऱ्या महिला उन्हापासून बचावासाठी साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवतात. त्याने हात वाचतात, पण कमरेला वारा लागत नाही.

कामाची पद्धतही अशी की नाडा सैल ठेवून चालत नाही. निंदणी करताना तासन्तास वाकायचे, तर साडी घट्ट हवी. कापूस वेचताना कमरेला फडके बांधून त्यात कापूस गोळा करतात. ते भरत जाते तसा त्याचा भार कमरेवरच येतो. त्यातच पैशांचा बटवा, किल्ल्यांचा जुडगा आणि आता मोबाइल हे सगळे कनवटीला खोचलेले असते. नाडा आणि कातडी यांच्यामध्ये अडकलेली किल्ली दिवसभर एकच जागा रगडत राहते.

वयस्क महिलांमध्ये लुगडे अजून आहे. नऊवारीची कमरेची गाठ पक्की नसेल तर कासोटा टिकत नाही, म्हणून ती जोर लावून मारली जाते. अनेकजणी आत काहीच घालत नाहीत. चाळिशीनंतर पोटाचा घेर वाढतो, पण परकराचे माप आणि गाठीची जागा वर्षानुवर्षे तीच राहते. मधुमेह असेल तर जखम भरायला वेळ लागतो आणि पायांप्रमाणे इथेही लहान जखम मोठी होऊ शकते.

पुरुष यातून सुटलेले नाहीत. करदोडा लहानपणी बांधला जातो आणि अंग भरले तरी बदलला जात नाही. बारीक, काळा, घामाने कडक झालेला करदोडा मांसात रुतलेला अनेकदा दिसतो. त्यात तावीज किंवा किल्ली अडकवलेली असेल तर आणखी एक घासणारी वस्तू. करदोडा श्रद्धेने बांधायचा असेल तर जरूर बांधावा, पण तो सुती आणि सैल असावा आणि दर काही महिन्यांनी बदलावा.

पट्टा, पिस्तूल आणि बधिर मांडी

कमरेच्या काचाने कातडीखालची नसही दबू शकते. कमरेच्या पुढच्या बाजूला, दोन्हीकडे हाडाचे टोक हाताला लागते. त्याच्या जवळून एक नस मांडीच्या बाहेरच्या बाजूला उतरते. ही नस फक्त संवेदना वाहते, स्नायू हलवत नाही. घट्ट पट्ट्याने किंवा आखूड जीन्सने ती दबली की मांडीच्या बाहेरच्या भागाला मुंग्या येतात, चटका बसल्यासारखी आग होते किंवा तो भाग बधिर होतो. पायातली ताकद मात्र शाबूत असते.

जर्मन डॉक्टर बर्नहार्ट आणि रशियन डॉक्टर रोथ यांनी १८९५ मध्ये या विकाराचे सविस्तर वर्णन केले. मानसशास्त्रज्ञ म्हणून प्रसिद्ध असलेले सिग्मंड फ्रॉइड यांनाही तो होता आणि त्यांनीही त्यावर त्याच वर्षी लिहिले. रुग्णाला मात्र लकव्याची सुरुवात आहे, मणका सरकला आहे, अशी भीती वाटते आणि तो थेट एमआरआय काढून मोकळा होतो. पोट सुटलेल्या व्यक्ती, गरोदर महिला आणि मधुमेही यांच्यात हा त्रास अधिक दिसतो.

कमरेला वजन वागवणाऱ्यांनाही तो होतो. पोलीस हे त्याचे ठळक उदाहरण. धुळ्यात राज्य राखीव पोलीस दलाचा गट आहे, दोन्ही जिल्ह्यांत पोलीस आणि सुरक्षारक्षक मोठ्या संख्येने आहेत. भरलेले पिस्तूल साधारण एक किलोचे असते. त्यात काडतुसांची जादा मॅगझिन, वायरलेस, बेड्या आणि मोबाइल यांची भर पडते. गणवेशात हा भार रुंद पट्ट्यावर विभागला जातो. साध्या वेशातील बंदोबस्तात मात्र शर्ट बाहेर सोडून, शस्त्र पँटीत खोचून दिवसभर वावरावे लागते. परवानाधारक शस्त्र बाळगणाऱ्या नागरिकांचेही तसेच. रोजच्या मापाच्या पँटीत ही वस्तू बसवली की पट्टा एक भोक अधिक आवळावा लागतो. पिस्तूलाची कड हाडाच्या टोकाशी रुतते, धातू घामाने ओली कातडी घासतो आणि गाडीत बसल्यावर दाब आणखी वाढतो.

अशा व्यक्तींनी कमरेला नेहमीपेक्षा एक-दोन इंच मोठी पँट शिवून घ्यावी. पट्टा रुंद आणि ताठ असावा, म्हणजे वजन एका जागी न लटकता कमरेभोवती वाटले जाते. शस्त्र नुसते खोचण्याऐवजी घोडा पूर्ण झाकणाऱ्या, योग्य मापाच्या खोळीतच असावे. ही बाब आरोग्याइतकीच सुरक्षिततेचीही आहे, कारण कपड्यात अडकून अपघाताने गोळी सुटल्यास मांडीतील मोठी रक्तवाहिनी फुटून जीव जाऊ शकतो. खोळीची जागा पुढच्या हाडाच्या टोकावर नको, कुशीच्या बाजूला असावी. आत सुती बनियन पँटीत खोचलेला असावा, म्हणजे धातू किंवा चामडे थेट कातडीला लागणार नाही. ड्यूटी संपली की पट्टा सोडून अर्धा तास तरी कमर मोकळी ठेवावी.

ज्यांच्याकडे शस्त्र नाही त्यांच्याकडे पाकीट असते. पँटीच्या मागच्या खिशात नोटा, कार्डे आणि पावत्यांनी फुगलेले पाकीट ठेवून तासन्तास मोटारसायकल किंवा रिक्षा चालवणाऱ्यांना एकाच बाजूच्या कुल्ल्यात आणि पायात कळ येते. पाकिटाने मोठी नस दाबली जाते आणि बसताना कंबर तिरकी राहते. बसण्यापूर्वी पाकीट पुढच्या खिशात घेणे, एवढाच यावरचा प्राथमिक उपचार. अनेकांना तेवढाच पुरतो.

घट्ट कपड्याचा त्रास पोटातही होतो. कमरेला आवळले की पोटातील दाब वाढतो आणि जठरातील आम्ल अन्ननलिकेत वर येते. स्कॉटलंडमधील ग्लासगोच्या संशोधकांनी स्वयंसेवकांच्या कमरेला पट्टा बांधून हे मोजून दाखवले आहे. जेवणानंतर छातीत जळजळ होत असेल, तर गोळीच्या आधी पट्टा सैल करून पाहावा.

प्रत्येक काळा डाग नाड्याचा नसतो

कमरेवरील डागाची कारणे वेगवेगळी असतात. बेंबीच्या खाली, पट्ट्याच्या बक्कलाच्या किंवा जीन्सच्या बटणाच्या जागी खाजरा, पाणी सुटणारा चट्टा असेल, तर तो निकेल या धातूच्या अॅलर्जीचा असू शकतो. कपडा आणि कातडी यांच्यात सुती थर आला की फरक पडतो. इलॅस्टिकमधील रबराचीही काहींना अॅलर्जी असते.

कडेने लाल, मध्ये फिकट आणि गोलाकार पसरत जाणारा चट्टा हे गजकर्णाचे लक्षण. घट्ट जीन्स आणि ओलसर अंतर्वस्त्रे यांमुळे तो जांघेतून कमरेकडे चढतो. घरात इतरांनाही होतो. औषधाच्या दुकानातून आणलेल्या स्टिरॉइडमिश्रित मलमाने दोन दिवस बरे वाटते आणि नंतर तो दुप्पट पसरतो.

मान, काखा आणि जांघा एकाच वेळी काळ्या, मखमली झाल्या असतील तर साबणाने घासून उपयोग नाही. रक्तातील साखर तपासावी. फिकट डागाच्या जागी स्पर्श किंवा टोचल्याचे कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. त्यावरील उपचार सरकारी रुग्णालयात मोफत आहेत आणि वेळेत घेतल्यास व्यंग येत नाही.

माप कसे घ्यावे, कसे बांधावे?

• कपड्याचे माप उभे राहून आणि बसून असे दोनदा घ्यावे. बसल्यावर पोटाचा घेर वाढतो. पँट किंवा परकर बसल्यावर, जेवण झाल्यावरही काचता कामा नये.

• नाडा किंवा पट्टा बांधल्यावर त्याच्या आत दोन बोटे सहज गेली पाहिजेत. जात नसतील तर सैल करावा.

• गोल, बारीक, नायलॉनचा नाडा टाळावा. रुंद, चपटी सुती पट्टी लावून घ्यावी. शिंप्याकडे जुन्या परकरांना तीन-चार सेंटीमीटरची कापडी पट्टी आणि पुढे हूक लावून घेणे फारसे खर्चिक नाही.

• गाठ रोज एकाच जागी नको. आज उजवीकडे, उद्या डावीकडे, कधी पुढे. शक्य असेल तर नाड्याची उंचीही बोटभर वर-खाली करावी.

• लुगडे नेसणाऱ्या आजीबाईंनी आत गुडघ्यापर्यंतची सैल सुती चड्डी किंवा परकर घालावा. गाठ कापडावर यावी, कातडीवर नको.

• किल्ल्या, बटवा, मोबाइल कनवटीला खोचू नयेत. परकराला किंवा ब्लाउजला आतून खिसा शिवून घ्यावा, किंवा खांद्यावर अडकवायची लहान पिशवी वापरावी.

• शेतातून आल्यावर आधी कमर धुवावी, कोरडी करावी. नाडा साडीइतक्याच वेळा धुवावा. घरात गाऊन किंवा सैल कपडे घालावेत, रात्री नाडा आवळून झोपू नये.

• कातडी काळी, कोरडी झाली असेल तर खोबरेल तेल किंवा साधे व्हॅसलीन लावावे. दगडाने, घासणीने घासू नये.

डॉक्टरांकडे कधी जावे?

कमरेवरील कोणतीही जखम नाडा सैल करूनही तीन-चार आठवड्यांत भरली नाही, तर थांबू नये. जखमेची कड उचललेली आणि कडक असणे, मध्ये फुलकोबीसारखा मांसाचा गोळा येणे, हात लागताच रक्त येणे, दुर्गंधी, किंवा जांघेत गाठ लागणे, यांपैकी एकही लक्षण असेल तर त्याच आठवड्यात दाखवावे. अशा जखमेत वेदना असतेच असे नाही. ‘दुखत नाही, म्हणजे काही नाही’ ही समजूत घातक ठरते.

निदानासाठी जखमेच्या कडेचा लहान तुकडा काढून तपासतात. जागा बधिर करून केली जाणारी ही काही मिनिटांची प्रक्रिया आहे. तुकडा काढल्याने कर्करोग पसरतो, ही भीती निराधार आहे. वेळेत निदान झाले तर गाठ तिच्याभोवतीच्या निरोगी कातडीसह काढून टाकतात आणि बहुसंख्य रुग्ण पूर्ण बरे होतात. जांघेतील गाठींपर्यंत रोग गेला की शस्त्रक्रिया मोठी होते आणि खात्री कमी होते. जळगाव आणि धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोग आणि शस्त्रक्रिया विभाग आहेत. कर्करोगावरील अनेक शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत समाविष्ट आहेत. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत न्यावे.

खरा अडसर पैशांपेक्षा संकोचाचा असतो. कमरेवरची जखम सुनेला दाखवायची नाही, मुलाला सांगायची नाही, डॉक्टरांपुढे परकर सैल करायचा नाही, म्हणून हळद, चुना, मशेरी किंवा कुठला तरी पाला लावून वर्ष काढले जाते. वर्ध्याच्या अहवालातील दोन्ही महिलांच्या जखमा दीड-दोन वर्षांच्या होत्या. महिला डॉक्टर हवी असेल तर नोंदणीच्या खिडकीवर तसे सांगता येते. गावात आशाताई घरी येतात, त्यांना आधी दाखवता येते.

घरातल्यांनी एवढे करावे. आई, आजी, सासूबाई यांना आंघोळीच्या वेळी तेल लावताना त्यांच्या कमरेवर एकदा नजर टाकावी. काळा पट्टा दिसला तर त्याच दिवशी रुंद पट्टीचा परकर आणावा. जखम दिसली तर तारीख लक्षात ठेवावी आणि महिन्याभरात ती भरली नाही, तर त्यांच्यासोबत रुग्णालयात जावे.